गाऱ्हाणे देवापुढे: संकटात स्तोत्र हाती घेऊन प्रार्थना कशी करावी

घरावर संकट आले की ख्रिस्ती माणसाला पहिल्या दिवशी किमान दहा जण सांगतात, "प्रार्थना करा." कशी करायची, हे त्यातला एकही सांगत नाही. मग माणूस गुडघे टेकतो, "हे प्रभू, आम्ही तुझे उपकार मानतो" अशी पाठ झालेली सुरुवात करतो आणि तिसऱ्या वाक्याला अडकतो. आत जे उकळत असते ते वेगळेच असते. ते देवापुढे बोलणे बरोबर नाही, असे कोणीतरी लहानपणी शिकवलेले असते.

बायबल मात्र हे बोलणे भरपूर करते. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांत तक्रार आहे, राग आहे, "तू झोपलास का?" असा थेट सवालही आहे (स्तोत्र ४४:२३). ही स्तोत्रे देवळातल्या उपासनेत गायली जात. म्हणून हा लेख एकच पद्धत नीट समजावतो: विलापाचे एक स्तोत्र साचा म्हणून घ्यायचे आणि आपले संकट त्यात ओतायचे. पद्धत कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल कोणत्याही मंडळीच्या माणसाला चालते, कारण स्तोत्रे सगळ्यांचीच आहेत.

आधी एक फरक. रानात इस्राएल लोकांनी केलेली कुरकुर (गणना ११ आणि १४) देवाला आवडली नाही, आणि ज्याच्या नावावर अनेक स्तोत्रे आहेत त्या दावीद राजाचे गाऱ्हाणे मात्र पवित्र शास्त्रात जपले गेले. दोन्हीकडे तक्रारच आहे. कुरकुर करणारे तंबूच्या दारात बसून देवाबद्दल एकमेकांशी बोलत होते. गाऱ्हाणे घालणारा देवाशीच बोलतो. तक्रारीचे तोंड कोणीकडे आहे, एवढाच प्रश्न आहे. गाऱ्हाणे हा शब्द कोकणातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही: ज्याच्या हातात काही करण्याची सत्ता आहे, त्याच्यापुढे उभे राहून मोठ्याने मांडलेली बाजू.

पहिला तास

बातमी नुकतीच आली आहे. फोन ठेवला आहे, हात थरथरतो आहे. अशा वेळी लांब प्रार्थना करू नये, ती होतही नाही. परक्या राजाच्या दरबारात चाकरी करणाऱ्या नहेम्याचे उदाहरण पाहा. राजाने विचारले, "तुला काय हवे?" नहेम्या लिहितो की मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो (नहेम्या २:४-५). प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मावेल एवढीच ती प्रार्थना. पाण्यात बुडू लागलेला पेत्रही एवढेच ओरडला: "प्रभू, मला वाचव" (मत्तय १४:३०).

एका श्वासात मावणारे वाक्य निवडा. "प्रभू येशू, दया कर." "देवा, मला सोडू नको." श्वास आत घेताना नाव, बाहेर सोडताना मागणे. दहा वेळा म्हणा. मग जे करायचे ते करा: रुग्णवाहिका बोलवा, भावाला फोन लावा, कागद शोधा. मोठे सैन्य चालून येत असताना यहूदाचा राजा यहोशाफाट म्हणाला होता की काय करावे हे आम्हांला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत (२ इतिहास २०:१२). पहिल्या तासाला याहून जास्त ईश्वरविद्या लागत नाही.

अंगाकडे आधी बघा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग दुसऱ्या दिवशी "प्रार्थनेत मन लागत नाही" म्हणतात. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला (१ राजे १९). देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले. एलीया जेवला, पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला, तो यानंतर, चाळीस दिवसांचा प्रवास झाल्यावर.

म्हणून बातमी कळल्यापासून काही खाल्ले नसेल, तर आधी वरणभात किंवा चहाबरोबर दोन बिस्किटे. पाणी. दोन रात्री झोप नसेल, तर पहाटेची प्रार्थना एक दिवस सोडून झोपा. उपास-प्रार्थना करायचीच असेल तर ती तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, आणि एका वेळचे जेवण सोडण्यापासून. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतील त्यांनी अन्नाचा उपास करू नये. त्यांनी मोबाइलचा करावा. तोही सोपा नाही.

स्तोत्र निवडताना

एकच निवडा आणि सात दिवस तेच ठेवा. रोज नवे स्तोत्र काढले की मन स्तोत्रे चाखत बसते, बोलत नाही.

कुठले? काहीच सुचत नसेल तर १३वे. सहाच वचने आहेत, मिनिटभरात मोठ्याने वाचून होते आणि विलापाचे सगळे भाग त्यात आहेत. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५वे. तिथे दावीद म्हणतो की वैऱ्याने केले असते तर सोसले असते, पण तू माझा सोबती होतास. खिन्नता उतरतच नसेल तर ४२ आणि ४३ मिळून एक समजून वाचा, कारण "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हे धृपद दोन्हींत मिळून तीनदा येते. आपल्याच चुकीने ओढवलेल्या संकटात ५१ किंवा १३०. आजारात ६ किंवा ३८. म्हातारपणी, शक्ती सरत असताना टाकून देऊ नको असे म्हणायचे असेल तर ७१. लबाडांचे बरे चालले आहे आणि आपण सरळ वागून बुडालो, अशी आग असेल तर ७३. झोप येत नसेल तर अंथरुणावर ४थे.

९१व्याबद्दल एक सावधगिरी. ते सुंदर आहे, घराघरात फ्रेम करून लावलेले असते. पण सैतानाने येशूला मोहात पाडताना याच स्तोत्रातले वचन वापरले होते (मत्तय ४:६). "मला काही होणारच नाही" अशी हमी म्हणून ते वाचले, तर काही झाल्यावर विश्वासच मोडतो. संकट येण्याच्या भीतीत ते वाचा. संकट येऊन बसल्यावर विलापाचे स्तोत्र घ्या.

भाषांतर ज्या मराठीत तुम्ही रडता त्या मराठीत असावे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गमावली होती. पुढे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा साध्या, फार न शिकलेल्या बायकांना कळेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता. जुन्या भाषांतरातला "कोठवर" हा शब्द तुमच्या कानांना जवळचा असेल तर तो घ्या. "अजून किती दिवस" जवळचे वाटत असेल तर ते.

वीस मिनिटांची बैठक

वेळ ठरवा, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त ठरवू नका. ज्यांनी पहिल्या दिवशी दोन तास केले, ते तिसऱ्या दिवशी बसत नाहीत. जागा मिळेल ती: गच्ची, देवघराचा कोपरा असेल तर तो, नाहीतर न्हाणीघरात नळ सोडून. चाळीतल्या आणि वन रूम किचनमधल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. शक्य असेल तिथे आवाज काढा. आवाज काढायची सोयच नसेल तर मंदिरात मूल मागणाऱ्या हन्नेसारखे नुसते ओठ हलवा. तिला पाहून एली याजकाला ती प्यायलेली वाटली होती (१ शमुवेल १), तेव्हा लोक काय म्हणतील याची काळजी जुनीच आहे.

शंभर पानी वही आणि पेन जवळ ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

हाक, एक मिनिट. देवाला नावाने हाक मारा. तुम्ही त्याला जे म्हणता ते: परमेश्वरा, बापा, प्रभू येशू. १३वे स्तोत्र पहिल्याच ओळीत हाक मारते. संकट मोठे असले तर या एका शब्दावरच थांबायला होते. थांबा.

तक्रार, सात मिनिटे. बैठकीतला हा सगळ्यांत मोठा भाग, आणि लोक नेमका हाच उरकतात. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत "कोठवर" चार वेळा येते. त्यातले पहिले दोन देवाबद्दल आहेत (मला विसरणार काय, मुख लपवणार काय), तिसरे स्वतःच्या मनाबद्दल (मी मनात किती दिवस दुःख वाहू) आणि चौथे वैऱ्याबद्दल. तुमची तक्रारही या तीन खणांत लिहा. देवाने काय केले नाही? माझ्या आत काय चालले आहे? बाहेरून कोण किंवा काय दाबते आहे?

समजा नोकरी गेली आहे. वहीत असे उतरते: "देवा, मी तुला जानेवारीपासून सांगत होतो की कंपनीत काहीतरी शिजतंय. तू ऐकलं नाहीस. मला पहाटे चारला जाग येते आणि छातीत धडधडतं. मुलीसमोर हसायचं नाटक करून जबडा दुखतो. पाच तारखेला घराचा हप्ता आहे आणि खात्यात तो नाही. ज्याने माझं नाव यादीत घातलं, तो रविवारी आमच्याच बाकावर बसतो." शेवटचे वाक्य लिहिताना हात थबकतो. तेच लिहायचे असते.

"आम्ही पापी आहोत, आम्ही अपात्र आहोत" असल्या गोल वाक्यांनी ही सात मिनिटे भरू नका. खरे पाप असेल तर त्याचे नाव घेऊन कबूल करा, एका ओळीत, आणि पुढे जा. प्रत्येक संकट पापामुळे आले असे येशू म्हणत नाही. शिलोहातला बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी होते काय, असे त्यानेच विचारले आणि नाही म्हटले (लूक १३:४-५).

मागणे, चार मिनिटे. आता स्पष्ट मागा. यरुशलेमेला अश्शूरी फौजेचा धोका होता, इ.स.पू. ७०१च्या सुमारास. हिज्कीया राजाला सन्हेरीबाकडून धमकीचे पत्र आले. त्याने ते वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवले (२ राजे १९:१४). हे अक्षरशः करता येते. रिपोर्ट, नोटीस, बँकेचे पत्र, घटस्फोटाचा कागद बैठकीच्या जागी समोर उघडा ठेवा आणि त्यावर बोट ठेवून मागा. "आमच्यावर कृपा कर" एवढे मागितले तर मिळाले की नाही हे कधी कळत नाही. "पाच तारखेपर्यंत हप्त्याची सोय कर, आणि बँकेत बोलायला मला धीर दे" असे मागा. दुसऱ्या अर्ध्यात तुमचे स्वतःचे काम लपलेले असते, ते दिसू लागते.

कारण सांगणे, दोन मिनिटे. हे ऐकून लोक चकित होतात. विलाप करणारा देवाशी युक्तिवाद करतो: डोळ्यांना तेज दे, नाहीतर मला मृत्यूची झोप लागेल आणि मी याला जिंकले असे वैरी म्हणेल (१३:३-४). देवाच्या स्वभावावर आणि त्याने दिलेल्या शब्दावर बोट ठेवा. "तू अनाथांचा बाप म्हणवतोस, ही दोन लेकरं आता बापाविना आहेत." यात उद्धटपणा नाही. नात्यातला माणूसच असे बोलतो.

भरवसा, तीन मिनिटे. १३व्या स्तोत्रात पाचव्या वचनाला वळण आहे: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. परिस्थिती बदललेली नाही, वैरी तिथेच आहे. वळण भावनेने येत नसेल तर आठवणीने घ्या. ७७व्या स्तोत्रात आसाफ आधी रात्रभर "देव कृपा करायला विसरला का?" असे विचारतो आणि मग ठरवतो की मी परमेश्वराची जुनी कृत्ये आठवीन. वहीत गेल्या दहा वर्षांतल्या तीन गोष्टी लिहा, तारखा आठवत असतील तर तारखांसह. तीन मिळाल्या नाहीत तर एक. तीही मिळाली नाही तर आज हा भाग रिकामा ठेवा. खोटा भरवसा लिहू नका.

गप्प बसणे, तीन मिनिटे. काही ऐकू आलेच पाहिजे असे नाही. कसे मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांविना कण्हण्याने मध्यस्थी करतो असे पौल लिहितो (रोमकरांस ८:२६). शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. उठल्यावर मागण्यात दिसलेले एक काम त्याच दिवशी करा. नहेम्याने प्रार्थनाही केली आणि पहाराही बसवला, एकाच वचनात (नहेम्या ४:९).

"तुझी इच्छा होवो" कधी म्हणायचे

घाईने म्हटलेले हे वाक्य जेवढे नुकसान करते तेवढे क्वचितच दुसरे कोणते करत असेल. गेथशेमाने बागेत येशूने पहिल्यांदा मागितले: शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळून जावो. मग म्हटले: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि हे त्याने तीन वेळा केले (मत्तय २६:३९-४४). मागणे गाळून सरळ शरणागतीवर उडी मारली की ती शरणागती राहत नाही, हार मानून खांदे पाडणे होते. आधी प्याल्याचे नाव घ्या. "बायोप्सीत कॅन्सर निघू नये" असे म्हणा. मग दुसरे वाक्य.

पौलानेही शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर "माझी कृपा तुला पुरे" असे मिळाले (२ करिंथकरांस १२:८-९). काटा निघाला नाही. मागितल्याबद्दल त्याला कोणी रागावलेही नाही.

लिहिता येत नसेल तर अभंगात

काहींना गद्य लिहिताना अवघडल्यासारखे होते आणि गाताना मोकळे वाटते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांपासून मराठी मंडळ्यांत अभंग आणि ओव्या रुळल्या आहेत, त्यामुळे कानाला चाल सवयीची असते. मोठ्या अभंगाचे माप सोपे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक. जोडाक्षर एकच मोजायचे. १३व्या स्तोत्राचा साचा तीन कडव्यांत बसतो, एकेक कडवे एकेका भागाला:

किती काळ देवा, लपविसी मुख,
उरी माझे दुःख, साचलेले.

डोळ्या दे उजेड, येऊ दे रे कीव,
थकला हा जीव, दारी तुझ्या.

तुझ्या दयेवर, टाकिला मी भार,
गाईन अपार, नाव तुझे.

काव्य म्हणून यात काही विशेष नाही, आणि तुमच्या अभंगातही नसले तरी बिघडत नाही. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये उभ्याने, आयसीयूबाहेरच्या बाकावर ते म्हणता येते, एवढे पुरे. फक्त तुमचे दुःख "साचलेले" अशा शब्दात झाकून न ठेवता त्या जागी खरी गोष्ट घाला.

इतरांना सांगताना

याकोब लिहितो की आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी (याकोब ५:१४). बोलवायचे आजारी माणसाने आहे, म्हणजे कोणाला बोलवायचे हेही त्यानेच ठरवायचे आहे. पाळकसाहेब किंवा फादर आणि दोन विश्वासू माणसे, एवढे पहिल्या आठवड्याला पुष्कळ झाले.

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. तो दोन तासांत दुसऱ्या शहरातल्या मावशीपर्यंत पोहोचतो आणि मग दिवसभर फोन घेत बसावे लागते. मजकूर असा ठेवा: "घरात आजारपण आहे. गुरुवारी सकाळी दहाला तपासणी आहे. त्या वेळी प्रार्थना करावी. फोन करू नये, आम्ही कळवू." साखळी प्रार्थना ठेवायची असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे वाटे करा आणि प्रत्येकाला मागण्याचे एकच वाक्य लिहून द्या.

आणि तुम्ही भेटायला जाणारे असाल तर ईयोबाच्या मित्रांकडून शिका. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. बिघडले ते बोलू लागल्यावर. "देवाला फूल आवडतं, ते तो आधी खुडतो" असले वाक्य मूल गेलेल्या आईला सांगू नका. डबा द्या, शाळेतून मुलांना आणा, आणि ती म्हणेल तेव्हा तिच्या वतीने स्तोत्र वाचा. ज्याला स्वतः प्रार्थना करवत नाही त्याच्यासाठी हे मोठे काम आहे.

कुठे फसते

नवसात. "हे झाले तर मी अमुक करीन" हे मराठी माणसाच्या जिभेवर आपोआप येते. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहिलेली दिसतात, आणि तिथे सगळ्या धर्मांचे लोक असतात. स्तोत्रांतही नवस आहेत, पण तिथला नवस बहुधा एकच: मी मंडळीत उभा राहून तुझी स्तुती करीन. तो सौदा नाही, किंमतही नाही. घाबरलेल्या मनाने मोठा नवस बोलू नका. इफ्ताहाने बोललेला नवस त्याच्या मुलीच्या जिवावर गेला (शास्ते ११). बोलून बसला असाल आणि ते झेपत नसेल तर पाळकांशी बोला.

पैशात. "या खात्यावर पेरणी करा, चमत्कार होईल" असे कोणी म्हणाले की तिथून उठा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या नामान सेनापतीकडून अलीशा संदेष्ट्याने काही घेतले नाही. त्याच्या ज्या चाकराने, गेहजीने, मागून जाऊन घेतले त्याला कोड फुटले (२ राजे ५).

औषध थांबवण्यात. हिज्कीया मरणाच्या दारात असताना यशयाने प्रार्थनेचे उत्तर आणले की तुझ्या आयुष्यात पंधरा वर्षे वाढवली आहेत, आणि त्याच श्वासात अंजिराचे पोटीस गळवावर बांधायला सांगितले (२ राजे २०:६-७). इन्सुलिन, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायला सांगणारा कोणीही असो, ऐकू नका.

क्षमेत. नवरा मारत असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना दुसऱ्या घरातूनही करता येते. शौल राजा भाला फेकत असताना दावीद भिंतीला टेकून बसला नाही, पळाला. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

आणि एलीयासारखे मरण मागावेसे वाटू लागले, किंवा तसे काही करण्याचा विचार डोक्यात फिरू लागला, तर वीस मिनिटांची बैठक बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येते, आणि कोणाला तरी रात्रभर सोबत बसायला बोलवा. दूताने एलीयाला दोनदा हात लावून उठवले होते. तुमच्याकडेही कोणीतरी माणूस हवा.

सूडाच्या शब्दांना मात्र फार घाबरू नका. १०९व्या स्तोत्रात भयंकर शाप आहेत. ते देवापुढे बोलून तिथेच सोडलेले आहेत, वैऱ्याच्या दारात जाऊन नाही. वहीत लिहा, त्याखाली "न्याय तू कर" असे लिहा, पान दुमडा.

उत्तर येत नाही तेव्हा

सात दिवस झाले की स्तोत्र बदला किंवा तेच ठेवा, पण वहीचे पहिले पान पुन्हा वाचा. तक्रारीतली काही वाक्ये आता खरी वाटणार नाहीत, ती खोडा. काही अजून तितकीच खरी असतील, ती नव्या पानावर उतरवा. मागण्यापुढे तीनपैकी एक खूण करा: मिळाले, नाही मिळाले, वेगळे मिळाले. तिसरी खूण हळूहळू वाढते असे वाटेल, पण ओढून ताणून करू नका.

महिने गेले आणि काहीच हलले नाही, तर ८८वे स्तोत्र आहे. ते वळत नाही. भरवशाचे वचन येईल म्हणून शेवटपर्यंत वाचत जावे, तर शेवटचा हिब्रू शब्दच "अंधार" असा आहे. मंडळीत ते क्वचितच वाचले जाते, आणि हे आमच्या मते चुकीचे आहे, कारण बाकावर बसलेल्यांत ते ज्याला लागते असा कोणीतरी प्रत्येक रविवारी असतो. पण नीट पाहा: लिहिणारा पहिल्याच वचनात देवाला माझ्या तारणाऱ्या देवा म्हणतो, आणि पहिल्या, नवव्या आणि तेराव्या वचनांत हाक मारतो. उत्तर एकदाही नाही. हाक तीनदा. तुमच्या वीस मिनिटांतले पहिले मिनिट तेवढे उरले असेल, तर त्या दिवशी तेवढेच करा आणि वही मिटा.

संकट निघून गेलेच, तर एक काम राहते आणि ते हमखास विसरते. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एक (लूक १७). वहीतले ते पहिले पान काढा, त्यावर सुटकेची तारीख घाला, आणि पुढच्या उपासनेत साक्ष द्यायची असेल तर तक्रारीच्या दोन ओळीही वाचून दाखवा. फक्त शेवट सांगितला तर मागच्या बाकावर अजून "कोठवर" म्हणणाऱ्याला वाटते की असे बोलणारा तो एकटाच आहे.